घाटाखालची बंदरं: कोल्हापूर ते राजापूर, मालवण, वेंगुर्ला आणि परत

कोल्हापूरला समुद्र नाही, पण बंदरं होती. मालवण तर १८१२ पर्यंत थेट कोल्हापूर संस्थानच्या ताब्यात होतं. राजापूर आणि वेंगुर्ला आपल्या मालकीची नव्हती. तरी देशावरचा कापूस, कापड आणि धान्य खाली उतरायचं आणि मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर चढायची ती याच बंदरांतून. डच, इंग्रज, फ्रेंच व्यापारी इथे आले तेही घाटावरच्या मालासाठी. त्यामुळे ही बंदरं पाहायची तर मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेकडून येऊन समजत नाहीत. घाट उतरून जावं आणि दुसऱ्या घाटाने वर यावं, म्हणजे बंदर का वाढलं आणि का ओसरलं हे रस्ताच सांगतो. राजापूरच्या मागे अणुस्कुरा, खारेपाटणच्या मागे बावडा आणि फोंडा, वेंगुर्ल्याच्या मागे आंबोली. माझं मत असं की या गावांचं नशीब समुद्रापेक्षा घाटात जास्त ठरलं. खालचा पाच दिवसांचा प्रवास त्याच क्रमाने आखलेला आहे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात घाट देखणे दिसतात, पण दरडी, धुकं आणि बंद रस्ते यांत दिवस वाया जातो, शिवाय मालवणहून सिंधुदुर्गला जाणाऱ्या होड्या मे महिन्याच्या शेवटी बंद होतात त्या पाऊस ओसरल्यावरच सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्यामुळे बंदरं रिकामी दिसतात. एका अर्थी तीही माहितीच आहे: शिडाच्या जहाजांच्या काळात जून ते सप्टेंबर हा सगळा किनारा असाच बंद असे आणि वर्षाचा व्यापार आठ महिन्यांत उरकावा लागे.

भरती-ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, कॅलेंडरावरची तिथी पुरते. शुद्ध किंवा वद्य पक्षातली तिथी घ्यायची, तीनने गुणायची आणि चारने भागायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. तीच वेळ सकाळी आणि तीच रात्री धरायची, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी. हा कोळ्यांचा हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. राजापूर पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला अशा दोन्ही वेळी पाहिलं तर गाळाचा प्रश्न एका नजरेत कळतो, म्हणून पहिल्या दिवसाची तारीख तिथी बघून ठरवावी.

गाडी लहान असली तरी चालते. निघण्यापूर्वी ब्रेक आणि टायर तपासून घ्यावेत आणि टाकी कोल्हापुरातच भरावी, कारण कळे गाव सोडल्यावर घाट उतरेपर्यंत पेट्रोलपंपावर विसंबून राहता येत नाही. घाटात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवावा.

दिवस पहिला: कोल्हापूर, अणुस्कुरा, राजापूर

फुलेवाडी, बालिंगे, कळे असा गगनबावड्याचाच रस्ता धरायचा आणि कळ्यात उजवीकडे बाजारभोगावकडे वळायचं. बाजारभोगाव या घाटवाटेवरचं जुनं बाजाराचं गाव. पुढे ऊस मागे पडतो, जंगल सुरू होतं आणि रस्ता अरुंद होत जातो. राजापूरपर्यंतचं अंतर एकशे दहा-पंधरा किलोमीटरच आहे, तरी साडेतीन तास धरावेत. मलकापूरकडूनही एक रस्ता अणुस्कुऱ्याला येतो. पन्हाळा किंवा विशाळगड जोडायचा असेल तर तो बरा.

अणुस्कुऱ्याच्या माथ्यावर गाडी थांबवून जुनी पायवाट शोधावी. डांबरी रस्ता अलीकडचा. त्याआधी शतकानुशतकं ही बैलांची वाट होती आणि तिची दगडी फरसबंदी अजून ठिकठिकाणी शाबूत आहे. दगड चढाला आडवे बसवलेले दिसतात, म्हणजे बैलाचा खूर अडकतो आणि पावसाचं पाणी वाट उकरत नाही. सकाळी दव असताना या दगडांवर पाय सरकतो, चांगल्या पकडीचे बूट हवेत.

इथेच एक हिशेब मनात पक्का करावा, पुढचे सगळे दिवस तो कामाला येतो. पाठीवर ओझं घेतलेला बैल शंभरेक किलो माल नेतो. बैलगाडीची जोडी चांगल्या रस्त्यावर आठ-दहा क्विंटल ओढते, म्हणजे तेवढ्याच बैलांत चार-पाचपट माल. रेल्वेच्या एका वाघिणीत अशा कित्येक गाड्या मावतात. जोवर सगळेच घाट फक्त पाठीवरच्या ओझ्याचे होते, तोवर जवळचा घाट जिंकत होता आणि अणुस्कुरा जवळचा होता. ज्या दिवशी दुसऱ्या घाटात गाडीरस्ता झाला त्या दिवशी जवळ-लांब याचा अर्थच बदलला.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि शेवटच्या वळणांवर ते नीट पकडत नाहीत. असा वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी करावी, चाकांवर पाणी ओतू नये. गरम धातू एकदम गार झाला तर वाकडा होतो. खाली येरडव, मग पाचल, रायपाटण आणि ओणी. ओणीला महामार्ग मिळतो, तिथून राजापूर जवळ. पाचलच्या पुढे रस्ता बराचसा अर्जुना नदीच्या खोऱ्यातून जातो. हीच नदी राजापूरला खाडी होते.

राजापूर समुद्रावर नाही हे पुष्कळांना तिथे पोचल्यावर कळतं. समुद्र वीसेक किलोमीटर लांब, जैतापूरला. पण भरतीचं पाणी राजापूरच्या पायथ्याशी येई आणि त्याबरोबर गलबतं येत. वादळ आणि चाचे या दोन्हींपासून आडोसा मिळे आणि मालाला जमिनीवरून कमीत कमी चालावं लागे. सतराव्या शतकात हे विजापूरच्या आदिलशाहीचं महत्त्वाचं बंदर होतं. इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली, पुढे फ्रेंचही आले. मिरी आणि घाटावरचं कापड हा मुख्य माल.

कोल्हापूरकरांना यातलं एक प्रकरण जवळचं वाटेल. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरचे इंग्रज घाट चढून तोफ आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले आणि गडावर तोफ डागताना त्यांनी स्वतःचं निशाणही फडकवलं. व्यापाऱ्यांनी लढाईत उघड बाजू घेतली होती. शिवाजी महाराजांनी त्याचा जाब १६६१ च्या मार्चमध्ये राजापुरावर चाल करून घेतला. वखार लुटली गेली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह इंग्रज कैदेत पडले. सुटका व्हायला दोन वर्षं लागली. त्यानंतर नुकसानभरपाईच्या वाटाघाटी इतकी वर्षं चालल्या की राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हाही तोच विषय होता आणि १०,००० होनांवर तडजोड झाली. तोपर्यंत मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात येऊन सहा वर्षं झाली होती. खोल पाण्याचं, स्वतःच्या मालकीचं बेट मिळाल्यावर इंग्रजांना परक्या राज्यातल्या खाडीच्या टोकाची फारशी गरज उरली नाही.

गावात गाडी महामार्गाच्या बाजूला ठेवून पायी उतरावं. बाजाराच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी अडकते. जवाहर चौकापासून नदीकाठापर्यंतचा भाग हा जुना व्यापारी गाभा. वखार पाहायची म्हणून आलेल्याची निराशा होते, कारण पाहावं असं फार उरलेलं नाही. त्यापेक्षा काठावर उभं राहून जागा वाचावी. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथे एकत्र येतात. दोन्ही डोंगरातून वेगाने माती आणतात आणि सपाटीवर आल्यावर, समोरून भरतीचं पाणी रेटत असताना, त्यांचा वेग मंदावतो. वेग मंदावला की गाळ बसतो. डोंगरउतारावरची झाडं तुटत गेली तसा गाळ वाढला. एकोणिसाव्या शतकातच मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्यापर्यंत येईनाशी झाली, काही मैल खालीच थांबू लागली. तोच गाळ आज पावसाळ्यात चौकात पाणी आणतो: पात्र उथळ, त्यात मुसळधार पाऊस आणि भरतीची वेळ जुळली तर नदीला उतरायला जागा राहत नाही. दुकानदार आजही पावसाळ्यात खालच्या फळीवरचा माल वर चढवून ठेवतात. अलीकडे गाळ उपसण्याची कामं झाली आहेत आणि ती नेमाने चालू राहायला हवीत; एका मोसमात उपसलेली जागा नदी पुढच्या काही पावसाळ्यांत परत भरते.

संध्याकाळी धोपेश्वरचं धूतपापेश्वर मंदिर आणि उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे पाहून होतात. राजापूरची गंगा अवतरलेली असेल तर चौदा कुंडांजवळ गर्दी असते. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तिचं वेळापत्रक ठरलेलं नाही. मुक्काम महामार्गालगत करावा.

दिवस दुसरा: जैतापूर, खारेपाटण, मालवण

सकाळी राजापूर सोडून हातिवल्यावरून जैतापूरकडे वळावं. वाटेत जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागतो. याच तालुक्यात बारसू आणि देवीहसोळची कातळशिल्पं आहेत. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस हवा, घाईत ती दिसत नाहीत.

जैतापूर म्हणजे राजापूरचं दार. मोठी जहाजं इथे नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून भरतीबरोबर वर जाई. राजापूरची खाडी भरत गेली तसं जैतापूर स्वतःच बंदर झालं. मुंबई-गोवा आगबोटीचा थांबा इथे होता. आगबोट बंद झाली तसा तोही टप्पा संपला. खाडीच्या तोंडाशी नाटे गावचा यशवंतगड आहे आणि पलीकडे साखरी नाटे गावचं मासेमारी बंदर जोरात चालतं. इथल्या मचव्यांची गर्दी पाहिली की बंदर मेलं असं म्हणता येत नाही, त्याचा धंदा बदलला. माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पावरून या भागात मोठा संघर्ष झालेला आहे. गावात फिरताना, फोटो काढताना तेवढं भान ठेवून विचारून वागावं.

परत महामार्गावर येऊन खारेपाटण. बहुतेक गाड्या पुलावरून निघून जातात. इथे तासभर तरी द्यावा, कारण हे राजापूरपेक्षाही जुनं उदाहरण आहे. विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाला, बावडा आणि फोंडा घाटांच्या समोर. शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट याच गावात सापडला. गाळाने खाडी उथळ झाली आणि बंदर खाली विजयदुर्गाकडे सरकलं. राजापूर आणि जैतापूर यांच्यात जे झालं तेच इथे.

तळेरे, कणकवली, कसाल आणि तिथून मालवण. कोल्हापूरहून फक्त मालवणसाठी येणाऱ्यांना करूळ किंवा फोंडा घाट जवळ पडतो. करूळ घाट कामासाठी मोठ्या काळासाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करूनच ठरवावं. वैभववाडीवरून जाताना आठवण ठेवावी की कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, पण घाट अजून मोटारींनीच चढावा लागतो.

मालवणला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, तो चुकवू नये. सुरमई, पापलेट यांचे ढीग लागतात आणि बोली काही मिनिटांत संपते. यातला बराच माल रात्री बर्फात भरून घाट चढतो आणि सकाळी कोल्हापुरात असतो. उलट दिशेने आपल्याकडची भाजी आणि दूध खाली येतं. घाटाची देवघेव थांबलेली नाही, तिला आता बंदराची गरज पडत नाही इतकंच.

दिवस तिसरा: सिंधुदुर्ग, मग वेंगुर्ला

पहिल्या होडीनेच किल्ल्यावर जावं. दहानंतर रांग वाढते आणि दुपारी वारा सुटला की होडी हलते. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, तेवढ्यात तट पूर्ण फिरून होत नाही. जास्त वेळ हवा असेल तर चढण्यापूर्वीच बोलून ठेवावं. लाइफ जॅकेट मागून घालावं.

किल्ल्याचं काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १६६७ मध्ये पूर्ण झालं. आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. अठराव्या शतकात हा किल्ला करवीरकरांचा होता आणि करवीरची आरमारी सत्ता इथूनच चाले. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं आणि दुसऱ्याच वर्षी पैशांच्या बदल्यात परत कोल्हापूरला दिला, कारण तो सांभाळण्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता. १८१२ मध्ये मात्र चाचेगिरीचं कारण पुढे करून त्यांनी कोल्हापूरकडून मालवण कायमचं घेतलं. त्याच वर्षी सावंतवाडीच्या राणी दुर्गाबाईंकडून वेंगुर्ला घेतलं. एका वर्षात दोन संस्थानांची दोन बंदरं गेली आणि घाटावरच्या कोल्हापूरचा समुद्राशी असलेला थेट संबंध तुटला. कोल्हापूरच्या इतिहासात या वर्षाची आठवण फार कमी निघते, ती जास्त निघायला हवी.

दुपारी जेवून नेरूरपारचा पूल ओलांडून परुळे, म्हापणमार्गे वेंगुर्ला. कुडाळवरून जाणारा रस्ता रुंद आहे, पण किनाऱ्याकडचा रस्ता जास्त शिकवतो: प्रत्येक खाडी अडथळा होती, पूल होण्याआधी इथे जमिनीवरून उत्तर-दक्षिण जाणं फार कष्टाचं होतं आणि गावं एकमेकांना होडीनेच जोडलेली होती. वळणं भरपूर आहेत, अंधार पडण्याआधी पोचावं.

दिवस चौथा: वेंगुर्ला

हा दिवस पूर्ण वेंगुर्ल्याला द्यावा. बहुतेक पर्यटक इथून शिरोड्याला किंवा गोव्याला जाताना चहाला थांबतात, आणि त्यामुळे गावाचं खरं महत्त्व त्यांना कळत नाही.

सुरुवात डच वखारीपासून. बाजारात "डच वखार" एवढं विचारलं तरी वाट सांगतात. हे राज्य संरक्षित स्मारक आहे. डचांना इथे यायचं कारण गोवा. १६३७ मध्ये त्यांनी आदिलशाहीकडून वेंगुर्ल्यात वखारीची परवानगी मिळवली, कारण पोर्तुगिजांची कोंडी करण्यासाठी त्यांचं आरमार पावसाळा संपला की दरवर्षी गोव्याच्या मांडवी नदीच्या तोंडाशी येऊन उभं राही आणि महिनोन्‌महिने तिथे राहायचं तर तांदूळ, पाणी आणि बातमी जवळून मिळायला हवी होती. वेंगुर्ला गोव्याच्या उत्तरेला, अगदी हाकेच्या अंतरावर आणि तरीही दुसऱ्या राज्यात. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकातच इथलं पाणी, तांदूळ आणि वेलदोडे यांची वाखाणणी केलेली आहे. म्हणजे वखार होती व्यापाराची, पण तिचा जन्म लढाईच्या गरजेतून झाला होता आणि ती गरज संपल्यावर तिचंही महत्त्व ओसरलं. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून कोची घेतलं. मिरीच्या प्रदेशातच मोठं ठाणं मिळाल्यावर वेंगुर्ल्याचं काम उरलं ते टेहळणीपुरतं. त्यातच गाव मराठे, मोगल आणि सावंत यांच्या चढायांत वारंवार होरपळलं आणि शतक संपेपर्यंत डचांचा इथला जम मोडला.

इमारत पाहताना बांधकाम नीट बघावं. जांभा दगड आणि चुना, जाड भिंती, बुरुजासारखा कोपरा: कोठार आणि गढी यांचं मिश्रण. छप्पर गेलेलं आहे आणि सगळी हानी तिथूनच सुरू होते. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. छप्पर असेतोवर भिंतीला फक्त बाजूने पाणी लागतं. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत उतरतं, चुना विरघळत जातो, सांधे मोकळे होतात. मग पक्ष्यांनी टाकलेलं वडा-पिंपळाचं बी त्या सांध्यात रुजतं, मूळ जाड होत जातं तसा दगड बाजूला सरकतो. झाड वरून छाटलं तर मूळ आणखी फोफावतं आणि जोर लावून उपटलं तर भिंतीचा तुकडाच निघून येतो. मूळ मारून मग सांधे पुन्हा चुन्यानेच भरावे लागतात. सिमेंट वापरलं तर ते दगडापेक्षा कडक आणि कोरडं राहतं, ओल आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. या वखारीसाठी पैसे मंजूर व्हावेत ही मागणी गावातून सतत होते. माझ्या मते पहिला पैसा भिंतींचे माथे झाकण्यावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर जावा, बागबगीचा आणि दिवे नंतर. भिंतीवर चढू नये, कमानीखाली उभं राहू नये. नोव्हेंबरात रान वाढलेलं असतं, पायात बूट आणि हातात काठी हवी. जानेवारीनंतर रान वाळतं आणि भिंती मोकळ्या दिसतात.

तिथून बंदरावर. वेंगुर्ल्याला राजापूरसारखी आत शिरलेली खाडी नाही, गावाजवळची मांडवीची खाडी (गोव्याची मांडवी वेगळी) लहान आहे. हे जवळजवळ उघडं नांगरस्थान: जहाज पाण्यात लांब उभं राही आणि माल, माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर येत. उत्तरेच्या टेकाडाचा आडोसा मिळतो तेवढाच. गाळाचा त्रास नाही, पण वारा फिरला की उतरणं थांबतं.

असल्या बंदरात १८१२ नंतर भरभराट कशी झाली, याचं उत्तर पुन्हा घाटात. इंग्रजांची छावणी बेळगावला होती. तिची रसद, टपाल आणि पलटणी वेंगुर्ल्याला उतरून आंबोलीच्या घाटाने वर जात आणि त्यासाठी तिथे गाडीरस्ता बांधला गेला. रस्ता फौजेसाठी झाला, फायदा व्यापाराने घेतला: बेळगाव आणि दक्षिण महाराष्ट्राचा माल गाड्यांतून वेंगुर्ल्याला येऊ लागला आणि पाठीवरच्या ओझ्याच्या वाटा मागे पडल्या. गावातल्या एका भागाला आजही कॅम्प म्हणतात. १८७६ मध्ये इथे नगरपालिका झाली, म्हणजे गाव किती पुढे होतं ते कळावं.

मग रेल्वे आली. १८८८ पर्यंत मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरच्या प्रदेशाशी जोडलं गेलं. मुरगावला खोल पाणी, धक्क्यावर जहाज आणि धक्क्यावरच वाघीण. वेंगुर्ल्याचा पडाव आणि बैलगाडी यांना ती बरोबरी शक्य नव्हती. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाचा बाजार तिथे आणला. कोल्हापूरचा गूळ देशभर गेला तो रेल्वेने. आपल्या भरभराटीची आणि वेंगुर्ल्याच्या उताराची वर्षं शेजारी शेजारी आहेत. मुंबईच्या आगबोटीने पुढे अनेक दशकं माणसांची ने-आण चालू ठेवली, मुंबईच्या नोकरीची वाट तीच होती. नंतर तीही थांबली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा ती कुडाळ, सावंतवाडीवरून गेली. राजापूर रोड स्थानक राजापूरपासून लांब आणि वेंगुर्ल्याला स्थानकच नाही.

तरी गाव निस्तेज नाही. कॅम्पातलं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ चं. इथेच वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तयार झाल्या. वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण १० ग्रॅमची, गावठी काजूपेक्षा बरीच मोठी. काजू हे झाडच पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं. परक्यांनी आणलेल्या मालावर आज तालुका पोट भरतो. कलम घ्यायचं असेल तर पावसाच्या तोंडावर आधी मागणी नोंदवावी लागते. काजूगर विकत घेताना वास घ्यावा. जुन्या गराला खवट वास येतो आणि तो भाजला तरी जात नाही. मांडवीच्या खाडीत महिलांचा गट कांदळवनाची होडीतून सफर घडवतो, ती भरतीच्या वेळी करावी. ओहोटीला होडी चिखलात टेकते.

कोल्हापूरशी नातं इथेही सापडतं. गावातलं महाविद्यालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं आहे आणि ते कोल्हापूरची संस्था चालवते. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे ते यांचंच.

दिवस पाचवा: शिरोडा, रेडी, आंबोली, कोल्हापूर

लवकर निघून शिरोडा. इथली मिठागरं पाहण्यासाठी जानेवारी ते मे चांगला. त्याआधी वाफे पाण्याखाली असतात. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ हा घाट चढणारा सगळ्यात जुना माल, म्हणून हे ठिकाण या प्रवासात वगळू नये.

रेडीला यशवंतगड आणि त्याच्या खाली बंदर. इथून लोखंडाचं खनिज जहाजांत भरलं जाई. घाटावरचा नव्हे, बंदराच्या अंगणातलाच माल, त्यामुळे घाट असो नसो, खाण चालू तोवर बंदर चालू. किल्ल्यात झाडी दाट आहे, वाट विचारून जावं आणि एकट्याने जाऊ नये.

रेडीहून सावंतवाडी, तिथे जेवण आणि दोनपर्यंत आंबोलीचा चढ. याच रस्त्याने बेळगावच्या फौजेच्या गाड्या वर गेल्या. अणुस्कुऱ्याशी तुलना करून पाहावी: इथे वळणं मोठी, चढ लांबवर पसरलेला, कारण गाडीचे बैल उभ्या चढावर ओझं ओढू शकत नाहीत. तो एकच फरक दोन बंदरांमधला फरक ठरला. आंबोलीला वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापाशी वाहनं तासन्‌तास अडकतात आणि दरडीही पडतात, तेव्हा त्या दिवसांत ही वाट टाळावी. हिवाळ्यात चारनंतर धुकं उतरू शकतं, दिवे बारीक ठेवून पुढच्या गाडीपासून अंतर राखावं.

माथ्यावरून बेळगावचा फाटा उजवीकडे सुटतो. आपण आजऱ्याकडे. सावंतवाडी ते कोल्हापूर हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, आजरा-उत्तूर-निपाणी किंवा आजरा-गडहिंग्लज-संकेश्वर अशा दोन्ही वाटांनी येता येतं. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा असेल तर नवा की जुना ते विचारून घ्यावं. नव्याला वास जास्त, पण भात चिकट होतो. दुकानं रात्री आठच्या सुमाराला आवरतात, म्हणून आंबोलीहून पाचच्या आत निघावं.